भिंतीवरचे चौतीस फोटो: वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मी आपल्या वाचनालयाची आजीव सभासद आहे. वाचनालयाने भिंतीवरून उतरवून भंगारात दिलेल्या बुद्धिबळ स्पर्धांच्या फोटोंबद्दल मी कार्यालयात दोन अर्ज दिले. दोन्हींची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे तिसरं पत्र सगळ्यांनी वाचावं असं उघडपणे लिहिते आहे. गावाचं आणि वाचनालयाचं नाव मी घातलेलं नाही. मालवण ते वेंगुर्ला या पट्ट्यात ज्या ज्या वाचनालयाच्या, क्लबच्या, शाळेच्या भिंतीवर जुने फोटो आहेत, तिथल्या मंडळींनी हे पत्र आपल्यालाही आलं आहे असं समजावं.

मे महिन्यात वरचा हॉल अभ्यासिकेसाठी रिकामा केला गेला. स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या मुलांना शांत जागा मिळाली याचा मला आनंद आहे. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण त्या हॉलच्या उत्तरेकडच्या भिंतीवर आपल्या बुद्धिबळ स्पर्धांचे ३४ फोटो होते. आकडा मला पाठ आहे, कारण लहानपणी समोरचा खेळाडू विचार करत बसला की मी ते मोजत बसायचे. हे सगळे फोटो उतरवून, सुतळीने बांधून मागच्या पडवीत पत्र्याखाली ठेवले गेले. मृगाचा पाऊस आला तेव्हा ते तिथेच होते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ते भंगारात गेले.

मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. भंगारवाल्याने फ्रेमा सोडवून लाकूड एकीकडे आणि काचा दुसरीकडे रचल्या होत्या. "काकीनू, लाकडाक भाव आसा, काचेक आसा. ह्या कागदाक नाय," असं म्हणून त्याने कागदाचे पैसेही घेतले नाहीत. त्याचा काही दोष नाही. त्याच्या गोणीतून मला १९ फोटो मिळाले. ७ फोटो तुम्ही आधीच बाजूला काढून लॅमिनेट करून घेतले होते, ते कार्यालयात आहेत. उरलेले ८ गेले. काही काचेला चिकटून फाटले, काहींचा पावसात लगदा झाला.

कार्यालयात मला तोंडी सांगण्यात आलं, "त्या फोटोंतलं आता कोणी ओळखू येत नाही. ठेवून करायचं काय?"

हे वाक्य महिना झाला माझ्या डोक्यातून जात नाही. फोटोतला माणूस ओळखू येत नाही याचा अर्थ आपण कोणाला विचारलेलं नाही, एवढाच होतो. विचारलं तर काय होतं ते एका फोटोवरून सांगते.

माझ्याकडे आलेल्या १९ पैकी एकात दोन माणसं पटाशी बसली आहेत, मागे सात-आठजण उभे. तारीख नाही, नावं नाहीत. मी तो १२०० डीपीआयला स्कॅन केला आणि मोठा करून पाहिला. मागच्या खांबावर कॅलेंडर आहे. ते कालनिर्णय आहे, म्हणजे फोटो १९७३ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण मालवणच्या साळगावकरांचं कालनिर्णय निघालंच त्या वर्षी. पान नोव्हेंबरचं आहे आणि १ तारीख गुरुवारी पडते. असा नोव्हेंबर १९७३ ला आला, १९७९ ला आला आणि १९८४ ला आला. मग फोटो उलटला. मागे स्टुडिओचा शिक्का, गावाच्या नावापुढे 'जि. रत्नागिरी'. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला, तेव्हा १९८४ बाद. राहिली दोन वर्षं. त्यासाठी मी बाजारपेठेतल्या एका ऐंशी वर्षांच्या गृहस्थांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, पांढऱ्या मोहऱ्यांकडच्या माणसावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे आमचे गणिताचे सर. ७७ च्या पावसाळ्यात गेले." म्हणजे फोटो नोव्हेंबर १९७३ चा. आदल्याच वर्षी रेक्याविकला फिशर आणि स्पास्की यांची जगज्जेतेपदाची लढत झाली होती आणि तिच्या बातम्यांनी आपल्याकडेही घरोघरी पट मांडले गेले होते. त्या लाटेतली ही आपल्या गावची स्पर्धा. हे सगळं एका चहाच्या वेळात कळलं. त्या गृहस्थांनी मागच्या रांगेतली आणखी चार नावं सांगितली. तीन जणांबद्दल ते म्हणाले, "ह्यांना माझी बहीण ओळखेल, तिला डोंबिवलीहून गणपतीला येऊ दे."

तुमच्यापैकी कोणीही हे करू शकलं असतं. कोणी केलं नाही हे मला खुपतं.

मी बुद्धिबळाचे जुने फोटो जमवायला लागले ते याच भिंतीमुळे. १९७४ साली स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि ती वासंती खाडिलकरांनी जिंकली. मग त्यांच्या बहिणी जिंकल्या, आधी जयश्री, मग रोहिणी. रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या तेव्हा केवढा वाद झाला होता, आणि जागतिक महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी स्त्रियांना अशी बंदी घालता येणार नाही असा निर्णय दिला होता. आमच्याकडे मुंबईचं वर्तमानपत्र एसटीने दुपारी यायचं. त्यातले या बहिणींचे फोटो मी कापून वहीत चिकटवायचे. वडिलांनी एकदा ती वही बघितली आणि काही न बोलता मला वाचनालयाच्या दिवाळी स्पर्धेत नेऊन बसवलं. साल १९७९. मी बारा वर्षांची, दोन वेण्या, आणि सगळी मुलं. मी चौथ्या फेरीत हरले. पण त्या वर्षीच्या गटाच्या फोटोत मी पहिल्या रांगेत आहे, आणि तो फोटो भिंतीवर लागला. त्यानंतर ज्या ज्या मुली त्या हॉलमध्ये आल्या, त्यांच्या आयांना मी तो दाखवत असे. हो, इथे मुली खेळतात, हे बघा. त्याहून वेगळं काही सांगावं लागायचं नाही.

तो फोटो मला भंगारात मिळाला, पण अर्धा. उजवीकडची मुलं काचेबरोबर गेली. हे पत्र माझ्या चेहऱ्यासाठी नाही, तो उरला आहे. ती मुलं आता साठीच्या आसपास असतील. त्यांच्यातले दोघे गेले हे मला माहीत आहे.

तर माझ्या तक्रारी अशा.

पहिली, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: कोणालाही विचारलं नाही. वाचनालयाचं एक पुस्तक निर्लेखित करायचं तरी आपण यादी करतो, ठराव घेतो, दाखलनोंदवहीत शेरा मारतो. या फोटोंबाबत बैठकीच्या इतिवृत्तात एकच ओळ आहे, 'निरुपयोगी सामान निकाली काढणे'. ते फोटो जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे सामानाच्या यादीत, कधी चढलेच नव्हते, असं मला सांगितलं गेलं. नोंद नव्हती ही पूर्वीच्या मंडळांची चूक. पण नोंद नाही म्हणून वस्तू टाकून देता येते, असा नियम कुठेही नाही. सूचनाफलकावर आठ दिवस एक कागद लावला असता तरी निम्मं गाव धावत आलं असतं.

दुसरी तक्रार पडवीची. तुम्ही सगळे याच किनाऱ्यावर वाढलात. आपल्याकडे जूनमध्ये चपलेला बुरशी येते, मीठ पाझरतं, कपाटातल्या साड्यांना वास येतो. कृष्णधवल फोटोच्या कागदावर चांदीचे कण असतात आणि ते जिलेटिनच्या पातळ थरात बसवलेले असतात. दमट हवेत जिलेटिन मऊ होतं आणि समोरच्या काचेला धरतं, बुरशीला तर ते खाद्यच. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढायचा नसतो, तो काचेसकट स्कॅन करायचा असतो. एवढं एक वाक्य कोणी त्या कामगारांना सांगितलं असतं तर त्या आठपैकी काही वाचले असते. निसर्ग वादळाने २०२० मध्ये दापोली-श्रीवर्धनची काय अवस्था केली आणि २२ जुलै २०२१ च्या महापुराने चिपळूणच्या वाचनालयाची पुस्तकं कशी चिखलात लोळवली, ते आपण पाहिलं आहे. तिथे माणसांचं काही चाललं नाही. इथे पाऊस येणार हे पंचांगात छापलेलं होतं.

लॅमिनेशनचंही तेच. हेतू चांगला होता हे मी मान्य करते. पण उष्णता देऊन प्लास्टिक चिकटवलं की ते परत निघत नाही, निघालं तर चित्राचा थर घेऊन निघतं. शिवाय त्या सातही फोटोंच्या मागची बाजू आता प्लास्टिकखाली दूधट दिसते. जुन्या फोटोची पाठ पुढच्या बाजूइतकीच बोलकी असते. वृत्तसंस्थांच्या जुन्या फोटोंवर तर मागे टंकलिखित चिठ्ठी डकवलेली असते, शिक्के असतात, संपादकाच्या खुणा असतात. जमवणारा माणूस आधी फोटो उलटून बघतो. माझी स्वतःचीही चूक इथे सांगते. खाडिलकर बहिणींची ती वही मी गव्हाच्या खळीने चिकटवली होती. खळ खायला कसर आली आणि दहा वर्षांत वहीची चाळण झाली. माझं अज्ञान मला महाग पडलं म्हणून तुम्हाला सांगायचा हक्क आहे असं समजते.

आता त्या आठांबद्दल. त्यांतला एक सगळ्यात जुना होता, वरच्या रांगेत डावीकडचा. गॅसबत्तीच्या उजेडात चटईवर पट, दोन म्हातारे, एकाच्या डोक्याला पगडी. माझे वडील सांगायचे की ते दोघे देशी पद्धतीने खेळत. देशी खेळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर जातं, राजाला एकदा घोड्याची उडी घेता येते, शेवटी एकटा राजा उरला की बुर्जी, म्हणजे बरोबरी होते, आणि प्यादेमात केली तर तिचा मान वेगळाच. हा खेळ इथे खेळला जात होता याचा आपल्या गावातला तेवढा एकच दिसणारा पुरावा होता. पंजाबातला सुलतान खान हाच देशी खेळ शिकून मोठा झाला, १९२९ मध्ये इंग्लंडला जाऊन त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला, मग १९३२ आणि १९३३ ला पुन्हा झाला. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. त्याचे फेटा बांधून पटाशी बसलेले फोटो आज जगभरचे संग्राहक शोधत असतात. महासंघाने त्याला मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ साठ वर्षांनी. मधल्या काळात त्याची आठवण जिवंत राहिली ती त्याच्या डावांच्या नोंदींमुळे आणि फोटोंमुळे.

हेस्टिंग्जचं नाव आलंच आहे तर सांगते. तेही समुद्राकाठचं, मच्छीमारांच्या होड्या वाळूवर ओढणारं गाव. १८९५ मध्ये तिथे मोठी स्पर्धा झाली, पिल्सबरी जिंकला, चिगोरिन दुसरा, लास्कर तिसरा आला. त्या सगळ्यांचा एकत्र काढलेला फोटो आजही बुद्धिबळाच्या इतिहासाच्या पुस्तकांत छापला जातो, आणि त्यातल्या माणसांची नावं रांगेने सांगता येतात. कोणीतरी तेव्हाच ती लिहून ठेवली म्हणून. आपल्याकडे काय आहे? १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिचं विजेतेपद रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांनी विभागून मिळवलं. सप्र्यांचा फोटो समोर ठेवला तर महाराष्ट्रातले किती बुद्धिबळपटू त्यांना ओळखतील? पहिल्या राष्ट्रीय विजेत्याची ही गत, तर आपल्या गावच्या गणिताच्या सरांना कोण विचारणार? म्हणूनच ते काम आपलं आहे. दिल्लीहून किंवा मुंबईहून कोणी ते करायला येणार नाही.

त्या भिंतीवर आता मोठा फ्लेक्स आहे. गुकेश आहे, दिव्या देशमुख आहे. २०२४ मध्ये गुकेश जगज्जेता झाला त्या संध्याकाळी मी घरात एकटीने टाळ्या वाजवल्या. २०२५ मध्ये बातुमीला नागपूरच्या दिव्याने महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा मला रडू आलं. त्यांचे फोटो लावा, जरूर लावा. पण ते कोणत्याही मोबाइलवर दिसतात. आपली माणसं फक्त त्या भिंतीवर दिसत होती.

सावंतवाडीची गंजिफा आठवा. ती रंगवणारे चितारी संपत आले होते, कला बुडण्याच्या बेतात होती. राजवाड्यातल्या माणसांनी मनावर घेतलं, स्वतः शिकले, इतरांना शिकवलं, आणि आज ते पत्ते आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. आपल्याकडच्या या कामाला तेवढा खर्चही नाही.

आता मागण्या. माळ्यावर एक हिरवी पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात स्पर्धांच्या गुणतक्त्यांच्या वह्या, डावांचे कागद आणि फोटोंची काही पाकिटं आहेत. १९९० च्या सुमारास मी स्वतः ती आवरली होती. ती ट्रंक भंगारात जाणार नाही, असं लेखी आश्वासन मला आणि सर्व सभासदांना हवं आहे. या आठवड्यात ती माळ्यावरून खाली आणावी, कारण तिथे कौलं गळतात. उघडल्यावर आतलं काही 'ऊन दाखवायला' अंगणात पसरू नये. फोटो आणि कागद सावलीत, वारा लागेल असे, सुटे सुटे वाळवायचे असतात.

त्यातल्या डावांच्या कागदांना रद्दी समजू नका. फोटोत पट नीट दिसत असेल तर मोहऱ्यांची मांडणी वाचता येते आणि ती कागदावरच्या डावाशी जुळवता येते. अशा तऱ्हेने मी एका फोटोतली बरोब्बर खेळी शोधली आहे: काळ्याने नुकताच हत्ती मारला आहे आणि पांढऱ्याचा हात वजिराकडे चालला आहे. जुन्या कागदांवर खेळी जुन्या वर्णनात्मक पद्धतीने लिहिलेल्या असतात, ती आताच्या मुलांना वाचता येत नाही. मी शिकवायला तयार आहे.

भंगारात काय काय गेलं, किती किलो, किती रुपयांना, याची यादी सभासदांसमोर ठेवावी. फोटोंची वेगळी नोंदवही सुरू करावी. प्रत्येक फोटोला क्रमांक, आणि तो मागे मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेन किंवा गोंद नको. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव व्हावा की फोटो, हस्तलिखित किंवा स्पर्धेचा कोणताही कागद फलकावर महिनाभर सूचना लावल्याशिवाय वाचनालयाबाहेर जाणार नाही. लॅमिनेट केलेले सात आहेत तसे ठेवावेत, सोलायचा प्रयत्न करू नये. आणि उत्तरेची नाही तर जिन्याजवळची एक भिंत परत द्यावी. तिच्यावर मूळ फोटो नकोतच, स्कॅन करून काढलेल्या प्रती लावू आणि प्रत्येकीखाली नावं लिहू. मूळ फोटो पश्चिमेच्या ओल्या भिंतीपासून लांब, पोलादी कपाटात, आम्लमुक्त कागदाच्या पाकिटांत राहतील.

यातल्या कशासाठीही वाचनालयाने पैसे काढायचे नाहीत. स्कॅनर माझा, पाकिटं माझी. माझ्याकडचे १९ फोटो नोंदवही तयार झाली त्या दिवशी मी परत आणून देईन, आजवर जुळवलेल्या नावांसकट. मला हवे आहेत तीन रविवार, हॉल नको, खालची ओसरी पुरे. गावातली आणि आसपासच्या वाड्यांवरची पंच्याहत्तरीच्या पुढची मंडळी तिथे बसतील, आपण फोटो दाखवू, नावं लिहून घेऊ. गणपतीला चाकरमानी येतील तेव्हाचा एक रविवार त्यात धरावा. त्यांच्या मुंबईतल्या कपाटांत याच स्पर्धांच्या दुसऱ्या प्रती असण्याची शक्यता आहे. गेलेल्या आठांपैकी एखादा तिथून परत मिळू शकतो, निदान तो अर्धा फोटो तरी पुरा होईल.

घाई एवढ्यासाठी, की बाजारपेठेतल्या त्या गृहस्थांना परवा दवाखान्यात नेलं. ते घरी आले आहेत, बरे आहेत. पण त्यांनी मला निरोप पाठवला आहे की उरलेले फोटो लवकर घेऊन ये.

ट्रंकेची किल्ली ग्रंथपालांच्या टेबलाच्या डावीकडच्या खणात असते. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी वाचनालयात येत आहे. मंडळातल्या कोणीही एकाने हजर राहावं, म्हणजे ट्रंक सर्वांसमक्ष उघडता येईल.

आपली नम्र,
एक आजीव सभासद